रकाना क्रमांक नऊ

शुक्रवारी रात्री बाराला पोर्टल बंद होतं.
तिकडच्या बाराला. म्हणजे आमच्या संध्याकाळी सातला.
हे मी एक नामांकन गमावून शिकले.

मी नेलिदा. वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
लोकांची थोरवी पाचशे शब्दांत बसवते.
सही कुलगुरूंची, विशेषणं माझी.
आता तीही हात राखून वापरते:
'अद्वितीय' गेल्या साली चौघांना लावलं,
चौघेही हात हलवत परत आले.

काही जण आपणहून येतात, दारात रेंगाळतात,
"सहज विचारतो, यंदा कोणाचं नाव जातंय?"
सहज विचारणाऱ्याच्या खिशात
पेन ड्राइव्ह असतोच.

रायेन पाइयालेफ आली नाही.
मीच गेले तिच्याकडे, तळघरात,
जिथे थंड कपाटांतून चिखलाच्या नळ्या आडव्या निजलेल्या.
तिने एक उघडून दाखवली:
काळा थर, काळा थर, काळा,
मग बोटभर फिकट वाळू.
"ही लाट," ती म्हणाली,
शेजारणीची ओळख करून द्यावी तशी.
"आणि ही तिच्या आधीची. मध्ये तीनशे वर्षं."

मी पुरस्काराचं सांगितलं.
तिने हातमोजे काढले नाहीत.
"डॉन एलेउतेरिओचं नाव घालता येईल?
एकोणतीस वर्षं दलदलीत नळी तोच उतरवतोय.
वाळू लागली हे माझ्या सूक्ष्मदर्शकाआधी
त्याच्या मनगटाला कळतं."

रकाना क्रमांक नऊ: उमेदवाराचं वैयक्तिक योगदान.
खाली बारीक अक्षरांत: सहकाऱ्यांचे उल्लेख टाळावेत.

रकाना अकरा विचारतो, इतरांनी किती वेळा आधार घेतला?
कमी वेळा.
तिचे निम्मे अहवाल कोळ्यांच्या वस्तीत जातात
आणि शाळेच्या फळ्यावर संपतात:
कोणत्या टेकडीकडे पळायचं, किती मिनिटांत,
म्हाताऱ्यांना कोणी धरायचं.
फळ्याला अनुक्रमांक नसतो.
मी शून्य लिहिलं नाही, रिकामंही सोडलं नाही,
टेकडीची उंची लिहिली.

तीन शिफारसपत्रं लागतात.
नॉर्वेहून दोन पानं आली,
दीड पान लिहिणाऱ्याबद्दलच.
जपानहून एक ओळ:
'त्यांच्या सातव्या थरामुळे आम्ही आमचा नकाशा बदलला.'
ती मी दोनदा वाचली, मग खिडकी उघडली.
सरपणाचा धूर, नदीवर धुकं,
खाली मासळीबाजाराच्या धक्क्यावर समुद्रसिंह
एका शेपटीसाठी भांडत होते.
त्यांची मुदत रोजचीच.

तिसरं पत्र सहा पंचेचाळीसला.

आणि मी रकाना नऊमध्ये टंकलं:
एलेउतेरिओ मान्सिया, खोदकाम तंत्रज्ञ, यांच्यासह.
आकडा लाल झाला. पाचशे तीन.
'अग्रगण्य' काढलं.
'जागतिक दर्जाच्या' काढलं.
तीन शब्द गेले, एक माणूस बसला.
सहा अठ्ठावन्नला बटण दाबलं,
कुलगुरूंना सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं, छान कागदावर.
'अत्यंत चुरशीच्या', 'खेदाने', 'पुढील वाटचालीस'.
ही भाषा मला येते, मीही तिच्यावरच जगते.
तळघरात गेले सांगायला. दोघंही दलदलीत.
दारावर चिकटवलेल्या कागदावर ओहोटीची वेळ,
खाली त्याच्या अक्षरात: बूट तुझे वाळत ठेवलेत.

तिला कधी कळलं, कसं वाटलं, मी विचारलं नाही.
वर येऊन जुनी फाइल उघडली,
नावात पुढचं साल घातलं,
तिचं वय एकाने वाढवलं,
आणि एकोणतीसच्या जागी
तीस केले.